विश्रांती : गाडीत

"हा मठ… किती वेळात… बघून होतो?"

निमकरांचा प्रश्न तीन तुकड्यांत बाहेर पडला, कारण मधे मधे श्वास घ्यावा लागत होता. मठाला एकशे बारा पायऱ्या होत्या. दर वीस पायऱ्यांनी ते फोटो काढायला थांबले होते. फोटो फारसे निघाले नव्हते.

स्वयंपाकघरात चुलीपाशी एक म्हातारे लामा बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मला एकोणसाठ वर्षं झाली," ते म्हणाले. "अजून चाललंय."

निमकरांनी सहल आखलेल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदात या मठाला पस्तीस मिनिटं होती, त्यातली दहा फोटोंची.

लामांचं नाव थुपस्तन. लेहमधले लोक त्यांना मेमे म्हणत, म्हणजे आजोबा. निमकरांनी त्यांना 'महाराज' म्हणून हात जोडले, कारण भगव्याच्या जवळपासचा कुठलाही रंग दिसला की सांगलीचा माणूस तेच म्हणतो. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं असल्यामुळे गैरसमजाला जागा राहिली नाही.

निमकर नुसता मठ बघायला आले नव्हते. त्यांना एक मंजुरी हवी होती.

त्याच सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी विमलताई विमानाने लेहला उतरले होते. चार दिवस, अकरा ठिकाणं. उद्या सहा वाजता गाडी निघणार, उंच खिंड ओलांडणार आणि दुपारी त्या निळ्या तळ्यावर पोचणार. कॅलेंडरवरचं त्या तळ्याचं चित्र विमलताईंनी कापून फडताळाच्या दाराला चिकटवलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. फोडणीच्या वाफेने ते पिवळं पडलं तरी त्यांनी काढलं नाही. म्हणून हा सगळा घाट.

आणि उतरल्यापासून विमलताई आडव्या होत्या. उंचावरच्या विरळ हवेने डोकं ठणकत होतं, एकदा उलटी झाली होती. मुक्कामाच्या घरच्या मालकीण आंगमोबाईंनी पडदे ओढले आणि सांगितलं, दोन दिवस पडून राहायचं, पाणी प्यायचं, खिंडीचं नाव काढायचं नाही. गाडीवाल्यानेही तेच सांगितलं. पण निमकरांचा नोकरीतला अनुभव असा, की खालच्या दोन टेबलांवर नकार मिळाला तर फाइल वरच्या टेबलावर न्यावी. वरचं टेबल एकशे बारा पायऱ्यांवर होतं.

त्यांनी सगळी हकीकत मेमेंना सांगितली. शेवटी म्हणाले, "ती स्वतः यायला तयार आहे."

"कागद बघू," मेमे म्हणाले.

निमकरांनी तो अभिमानाने पुढे केला. त्यांची सगळी हयात बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्यात गेली होती. कोणत्या गाडीने कोणत्या थांब्यावर किती मिनिटं उभं राहायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं ठरवलं. गाड्या तशा उभ्या राहत की नाही, हे बघणारी शाखा वेगळी होती.

मेमेंनी कागद उलटा धरला आणि बराच वेळ शांतपणे पाहिला.

"इथे काय लिहिलंय?"

"विश्रांती."

"कुठे?"

"गाडीत," निमकर म्हणाले. "चाळीस मिनिटं. तेवढाच वेळ वाचतो."

मेमेंनी समजल्यासारखी मान हलवली. मग कागदाची चौघडी घातली, त्या घडीने धरून पातेल्यावरचं गरम झाकण उचललं, बाजूला ठेवलं आणि कागद परत दिला. कागदावरच्या गुरुवारच्या रकान्यावर डाळीचा पिवळा डाग पडला.

निमकरांनी तो घेतला. वरच्या टेबलावर असं होतं कधी कधी.

पातेल्यात हरभऱ्याची डाळ रटरटत होती. पाणी उसळ्या मारत होतं, वाफेने खिडकीची काच धुरकटली होती. निमकरांनी घड्याळ पाहिलं.

"झाली की ही, महाराज. उतरवा."

मेमेंनी पळीभर डाळ वाटीत काढून त्यांच्यापुढे धरली. निमकरांनी फुंकर घालून चार दाणे तोंडात टाकले, आणि दाताखाली कटकन आवाज झाला. डाव्या बाजूची दाढ तशीही भरवशाची नव्हती.

"कच्ची आहे," ते गालावर हात ठेवून म्हणाले.

"हो."

"पण उकळतेय केव्हाची."

"इथे उंचावर उकळी लवकर येते," मेमे म्हणाले. "शिजणं उशिरा."

…

निमकरांनी विचारलं, मठात कुकर नाही का. मेमे म्हणाले, आहे, चांगला मोठा आहे, घाई असेल तेव्हा लावतो. शेवटचा कधी लावला होता, ते मात्र त्यांना आठवेना.

"मग हिला अजून किती वेळ?"

"तिने सांगितलेलं नाही."

निमकर भिंतीला टेकून बसले. आत आल्यापासून ते उभेच होते, हे त्यांना बसल्यावर कळलं. छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. ती कमी होईपर्यंत मेमे पातेलं ढवळत राहिले. खिडकीबाहेर एक उघडा, तपकिरी डोंगर होता. कागदावर त्याचं नाव नव्हतं.

"तुमच्या बाई उद्या यायला तयार आहेत," मेमे मधेच म्हणाले.

"हो. तिला विचारलं मी. म्हणाली, जाऊ की, तुम्ही एवढं आखलंय."

"विचारलंत तेव्हा हा कागद कुठे होता?"

"हातात."

मेमे ढवळायचे थांबले. "हातात कागद नसतो, तेव्हा त्या काय म्हणतात?"

निमकरांना उत्तर ठाऊक असायला हवं होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती.

…

त्यांनी आठवून पाहिलं. सकाळी विमानतळाबाहेर सामान ढकलताना दोन्ही हात गुंतले होते आणि कागद खिशात होता. तेव्हा विमलताई एका दगडी कट्ट्याजवळ थांबल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "किती शांत आहे हो. इथेच बसू या का जरा उन्हात?" आणि निमकर म्हणाले होते, सात चाळीसला गाडीत असायला हवं.

सात चाळीसला ते गाडीत होते. अगदी वेळेवर.

निमकर उठले आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन गाडीवाल्याला फोन लावला. उद्या येऊ नकोस म्हणाले. गाडीवाला म्हणाला, ठीक आहे साहेब, मी तसाही येणार नव्हतो.

ते परत येऊन बसले. मेमे पातेलं ढवळत होते. डाळीचा वास हळूहळू बदलत होता. कच्चा हिरवट वास गेला आणि घरासारखा वास आला. किती वेळ गेला ते निमकरांना कळलं नाही, कारण घड्याळ बघायचं राहून गेलं.

मात्र एकतीस वर्षांची सवय एका दुपारात जात नाही. खिशातली पेन्सिल कधी बाहेर आली, हे त्यांचं त्यांनाही समजलं नाही. पिवळ्या डागाच्या कडेने ते बारीक अक्षरांत नवीन आखणी करू लागले. उद्या पूर्ण विश्रांती, सकाळी सहा ते रात्री नऊ. परवा सकाळी कट्ट्यावर ऊन, पंचेचाळीस मिनिटं. तेरवा, प्रकृती पाहून, तळं. तळं नाही जमलं तर…

इथे पेन्सिल अडली.

"महाराज," ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "आणि तळं बघणं झालंच नाही तर? नऊ वर्षं वाट बघितलीय तिने. तिला काय सांगू मी?"

मेमे उठले. डाळ बोटांत दाबून पाहिली. मीठ घातलं. पत्र्याचा एक डबा धुतला आणि काठोकाठ भरला. डब्याची कडी केव्हाच तुटलेली होती. त्यांनी तो जुन्या फडक्यात गुंडाळला आणि निमकरांपुढे आणून धरला.

"त्यांच्यासाठी," ते म्हणाले.

निमकरांनी उजवा हात पुढे केला. डाव्या हातात कागद आणि पेन्सिल होती.

मेमेंनी डबा सोडला नाही.

…

"गरम आहे," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी धरा."