करड्याच्या ओल्या पावलांची कहाणी

ऐक बाणाई, मेंढरांच्या माउली, तुझ्या माळावरची ही कहाणी. बायांनो, तांदळाचे दाणे मुठीत धरा, बोलणं थांबवा, कान इकडे द्या.

आटपाट नगर होतं, त्याला मोठी वेस होती. वेशीबाहेर माळ होता आणि माळावर धनगरांचा तळ उतरला होता. नगरात राजा होता, राणी होती, त्यांचं त्यांच्यापाशी. आपली कहाणी माळावरची.

तळाचा म्होरक्या सटवाजी. त्याची बायको ठकूबाई, सून भिवरा. मुलगा दिवसभर मेंढरांमागं रानात असे. दीडशे मेंढरं होती, ओझ्याला एक घोडी होती, राखणीला एक कुत्रा होता. कुत्र्याचं नाव करड्या. ठकूबाईचे गुडघे धरलेले, म्हणून तळ हलला की ती घोडीवर बसे. बाकी सगळे पायी. करड्या सगळ्यांच्या दुप्पट चाले, कारण तो मेंढरांच्या भोवती फिरत चाले.

ठकूबाईचा एक नेम होता. मार्गशीर्ष लागला की चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवस देवाच्या कुत्र्याची पाद्यपूजा करायची. दिवस उगवताना ओढ्यावर जावं, तांब्या भरून आणावा, करड्याचे चारी पाय धुवावेत, वर भंडारा लावावा, हात जोडावेत. पाय पुसायचे नाहीत. का पुसायचे नाहीत? तर पाय पुसले की पुण्य पुसलं जातं. असं ठकूबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. बारा वर्षं ठकूबाईनं हे पाळलं. पण ती बारा वर्षं तळ खाली उबेच्या मुलखात असे. यंदा पाऊस कमी झाला, चारा वर राहिला, म्हणून तळ उंच माळावर आला. तिथं हिव पडायचं. सकाळी गवतावर पांढरं दहिवर धरायचं, दगड विंचवासारखे डसायचे.

प्रतिपदेला ठकूबाईनं पाय धुतले, भंडारा लावला. करड्या ओल्या पायांनी मेंढरांमागं गेला. द्वितीयेला धुतले, भंडारा लावला. करड्या गेला, पण संध्याकाळी पाय चाटत बसला. तृतीयेला धुतले, भंडारा लावला. करड्या उठला, तीन पायांवर उभा राहिला, चौथा वर धरला आणि तसाच लंगडत गेला. दुपारी मेंढरं पुढं आणि करड्या मागं असं झालं.

सटवाजीनं ते पाहिलं. तो म्हणाला, "चारा सरला. षष्ठीचा नैवेद्य झाला की सप्तमीला तळ हलेल. सात कोसांची मजल आहे, मध्ये खडकाळ घाट आहे. लंगडं कुत्रं येणार नाही. त्याला इथं माळावरच्या देवळापाशी सोडू. देवाचा आहे, देव बघेल."

भिवरा म्हणाली, "मामा, त्याला इथं भाकरी कोण घालील?"

"येणारे-जाणारे घालतील."

"या माळावर कोण येतं-जातं?"

सटवाजी म्हणाला, "लांडगे येतात. पण मी काय करू, पोरी? एकासाठी दीडशे उपाशी ठेवू?"

मग तो उठून गेला. त्याचंही मन थाऱ्यावर नव्हतं, पण म्होरक्याला ते दाखवता येत नाही.

भिवरा करड्यापाशी बसली. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नीट पाहिला. पुढच्या डाव्या पंजाला तीन भेगा, उजव्याला दोन. मागच्या एका पंजात बोटांच्या बेचकीत सराट्याचा काटा रुतलेला, भोवतीनं लाल झालेलं. भंडारा वाळून भेगांत बसला होता. कातडी ताणून ताणून आणखी फाटत होती. भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बाणाई, तू धनगराची लेक. तुला तरी हे कळतं का?"

इतक्यात वाटेनं एक म्हातारी आली. हातात चाती, चातीवर लोकर, चालता चालता सूत काढत होती. ती थांबली, म्हणाली, "कुणासाठी रडतेस गं? नवरा मारतो का?"

"नाही, आजी. कुत्र्याचे पाय फुटलेत."

"अरे देवा. नवऱ्याचे फुटले असते तर इतकी रडली असतीस का?"

"नवऱ्याला वहाणा आहेत, आजी."

म्हातारी हसली, तिथंच खाली बसली. करड्या तिच्यावर भुंकला नाही. भिवरा म्हणाली, "आजी, काही व्रत असेल तर सांगा. वाटेल ते करीन."

"व्रत आहे. पण ते सोपं आहे, म्हणून कुणाच्यानं होत नाही. उतशील, मातशील, उद्या करू म्हणशील."

"उतणार नाही, मातणार नाही, उद्यावर टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "पाणी कोमट करावं. आपलं मनगट बुडवून बघावं, चटका बसला तर त्यालाही बसेल. चारी पाय धुवावेत, बेचकीत बोट घालून धुवावं. काटा असला तर काढावा. मग जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं पुसावं, बेचकीसुद्धा, जोवर फडकं कोरडं निघत नाही तोवर. तिळाच्या तेलात थोडं मेण विरघळवावं, थंड होऊ द्यावं, भेगांना चोळावं. करंजाचं तेल घेऊ नये, कडू असतं, कुत्रं चाटतं आणि ओकतं. घोंगडीच्या तुकड्याची पिशवी शिवावी, आतून फडक्याचं अस्तर द्यावं, पायात घालावी, वर सैल बांधावी. करंगळी आत गेली पाहिजे. आवळून बांधलीस तर पाय सुजेल. रानातून आला की पिशवी काढावी, भिजली असली तर वाळवावी, पायाला वारा लागू द्यावा. बसायला जमीन देऊ नये, वाळलं गवत द्यावं. एवढाच वसा."

भिवरा म्हणाली, "आजी, पुसलं तर पुण्य जातं म्हणतात."

म्हातारीनं चाती फिरवली. "कुणाचं जातं?" एवढं विचारलं आणि वाटेला लागली. वळणापर्यंत दिसली, पुढं दिसली नाही.

भिवरानं त्याच संध्याकाळी काटा काढला, रात्री पिशव्या शिवल्या. चतुर्थीला ठकूबाईनं ओढ्याचं पाणी घातलं, भंडारा लावला. ती वळताच भिवरानं करड्याला काटेरी कुंपणाआड नेलं. कोमट पाण्यानं भंडारा काढला, पुढचे दोन पाय पुसले, तेल लावलं, पिशव्या घातल्या. मागचे पाय घ्यायचे तोच ठकूबाईनं हाक मारली, "भिवरे, दूध उतू चाललंय." भिवरा पळाली. मागचे पाय ओलेच राहिले. मग शेजारणी आल्या, मग कोकरू हरवलं, मग भाकरी थापायच्या होत्या. मागचे पाय राहून गेले.

संध्याकाळी करड्या आला. पुढचे पाय टेकत होता, मागचे नीट टेकत नव्हता. काट्याची जागा उघडली होती, गवतावर रक्ताचे ठिपके पडले. भिवरानं कपाळाला हात लावला.

चातीवाली म्हातारी कुंपणाशी उभीच. म्हणाली, "कुत्र्याला पाय किती, भिवरे?"

"चार, आजी."

"वसा कितींचा केलास?"

"दोनांचा."

"का?"

भिवरा खाली बघत म्हणाली, "आत्याबाईंना भ्याले. चोरून केलं. चोरून केलेलं काम मध्येच सोडावं लागतं."

"मग उद्या उघड कर," म्हातारी म्हणाली आणि गेली.

पंचमी उजाडली. ठकूबाई तांब्या घेऊन आली. भिवरानं वाट अडवली. "आत्याबाई, आज ओढ्याचं पाणी नको. मी कोमट केलंय. आणि मी पाय पुसणार आहे."

ठकूबाई म्हणाली, "काय करणार आहेस?"

"पुसणार आहे."

"माझं बारा वर्षांचं पुण्य पुसणार आहेस?"

"आत्याबाई, सप्तमीला मामा त्याला सोडून देणार. पाय कोरडे राहिले नाहीत तर तो चालणार नाही. चालला नाही तर जगणार नाही."

ठकूबाई म्हणाली, "मी त्याची पूजा करते आणि माझ्यानं त्याचे पाय फुटले, असं म्हणतेस? तोंड वर करून मला म्हणतेस?" तिनं तांब्या जमिनीवर आपटला आणि आत जाऊन घोंगडी ओढून बसली. भाकरी खाल्ली नाही, पाणी प्याली नाही. तळावरच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "भिवरा कुत्र्याचे पाय चेपतेय, नवऱ्याची पाळी कधी?" दुसरी म्हणाली, "मेंढरांनाही शिव गं पिशव्या, सहाशे लागतील." भिवरानं कोमट पाण्याचं भांडं जवळ ओढलं. तिनं चारी पाय धुतले, चारी पुसले, बेचकी बेचकी पुसली. चार फडकी ओली झाली, पाचवं कोरडं निघालं. मग तेल लावलं, पिशव्या घातल्या. करड्या आधी पाय झटकत नाचल्यासारखा चालला. बायका हसल्या. मग तो मेंढरांमागं गेला. संध्याकाळी रक्त नव्हतं.

षष्ठी आली. चंपाषष्ठीचा दिवस. वांग्याचं भरीत झालं, बाजरीचे रोडगे झाले. येळकोट येळकोट झालं, भंडाऱ्यानं माळ पिवळा झाला. आज करड्याची मोठी पूजा. सगळा तळ गोळा झाला. ठकूबाई आपला तांब्या भरून आली. सुनेकडं पाहिलं नाही. करड्याकडं गेली.

करड्यानं तांब्या पाहिला. पाहिला आणि चारी पाय पोटाखाली घेतले. ठकूबाईनं त्याला हाक मारली, "ये रे राजा." तो आला नाही. पुन्हा हाक मारली. तो मागं सरला. तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तो पोटावर सरपटत आला, कारण तो तिला कधी नाही म्हणाला नव्हता. आला, पण पाय काढीना. ठकूबाईनं स्वतः हात घालून एक पाय बाहेर काढला. पाय तिच्या हातात थरथरत होता.

ठकूबाई थांबली. याच कुत्र्याला तिनं पिल्लू असताना कुशीत घेऊन निजवलं होतं. आज तो तिच्या हाताला भ्याला. तिनं पाय उलटा केला. बारा वर्षं तिनं पाय वरून पाहिले होते, खालून कधी पाहिले नव्हते. भेगा दिसल्या. भेगांच्या तळाशी धुऊनही न गेलेला तिचाच भंडारा दिसला. तिनं तांब्यात बोटं घातली. बोटांच्या सांध्यांतून कळ आली.

सगळे वाट बघत होते. सटवाजी म्हणाला, "पाणी घाल ना."

ठकूबाईनं तांब्या कलंडला, पाणी मातीत गेलं. म्हणाली, "भिवरे, तुझं कोमट पाणी आण."

भिवरानं आणलं. ठकूबाईनं एक पाय धुतला, दुसरा धुतला, तिसरा धुतला, चौथा धुतला. तळावरची एक म्हातारी म्हणाली, "ठके, झालं. आता भंडारा लाव, ऊठ." ठकूबाई उठली नाही. भिवरानं फडकं पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. नव्या लुगड्याचा पदर घेतला आणि पुसायला लागली.

"अगं, पुण्य जाईल," म्हातारी म्हणाली.

"जाऊ दे," ठकूबाई म्हणाली. "बारा वर्षांचं आहे, जाऊ दे. हा राहू दे." मग भंडारा घेतला, पायाला नाही, करड्याच्या कपाळाला लावला. रोडगा मोडून हातानं भरवला. त्यानं रोडगा खाल्ला आणि तिची बोटं चाटली.

सप्तमी उजाडली. तळ हलायची वेळ झाली. सटवाजी म्हणाला, "चालवून दाखवा." करड्या चालला. चार पाय टेकून चालला, पण दहा पावलांवर बसला. भेगा मिटत आल्या होत्या, मिटल्या नव्हत्या. सटवाजी म्हणाला, "सात कोस जाणार नाही. मी काय बोललो होतो?"

भिवरानं सासऱ्याचे पाय धरले. तो बाजूला बघत राहिला.

ठकूबाई घोडीजवळ उभी होती. म्हणाली, "त्याला घोडीवर बांधा."

"आणि तू?"

"मला पाय आहेत."

"गुडघे आहेत का?"

"आहेत तेवढ्यांवर चालेन. तुम्ही म्होरके आहात, मेंढरांचं बघा. घोडीवर कुणी बसायचं ते मी बघते."

सटवाजी पुढं झाला. त्यानंच करड्याला उचललं, घोंगडीत गुंडाळून घोडीवर ठेवलं. पहिल्या दिवशी ठकूबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालली. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन चालली. सकाळ-संध्याकाळ दोघींनी करड्याचे पाय धुतले, पुसले, तेल लावलं. घाट चढून तळ पलीकडं उतरला.

तिसऱ्या दिवशी पुढच्या कुरणाला निघायचं होतं. घोडी आणली. करड्याला उचलायला सटवाजी वाकला. करड्यानं अंग काढून घेतलं, पिशव्यांचे चार पाय टेकत मेंढरांकडं गेला. एक फेरी घातली, दुसरी घातली, तिसरी घालताना पळाला. मागं राहिलेलं एक कोकरू हुसकून कळपात घातलं. सटवाजी पागोटं सारखं करत म्हणाला, "बाई, बस आता घोडीवर."

ठकूबाईनं ऐकलं नाही. ती कळपामागं चालत होती आणि करड्याचा प्रत्येक पाय कसा पडतो ते बघत होती. कुरण आलं तरी तिला आठवलं नाही, की घोडी रिकामीच आली.

भिवराला बाणाई पावली, ठकूबाईला पावली, करड्याचे पाय बरे केले. जो मुक्याचे पाय धुईल आणि पुसायला विसरणार नाही, त्याला तशीच पावो. तुमच्या दारातल्या जिवाला थंडी न बाधो, काटा न रुतो, तुमच्या हाताचं त्याला भय न वाटो. साठ उत्तरांची कहाणी चार पावलांनी चालत आली, ऐकणारांच्या अंगणात सुफळ होऊन विसावली.