जिन्याखालचा अनलिमिटेड डबा

फार वर्षं झाली, तेव्हा माझे केस न रंगवताही काळे होते. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली इंटरनेटचा एक डबा राहायचा. सगळ्या घरांच्या वायरी त्याच्याकडे यायच्या. कपाळावर त्याने ऐटीत लिहून घेतलं होतं, ‘अनलिमिटेड’.

एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर एकदम वीस सिनेमे उतरवायला बसला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शरयूमावशींचा म्हातारा लॅपटॉप कळवळला, “डबेदादा, मस्कतहून व्हिडिओ कॉलवर मावशींची नात पहिल्यांदा दिसणार होती. नुसते चौकोन दिसतायत हो!”

डब्याने कॉम्प्युटरचा वेग आवळला. चौकोनांचं बाळ झालं. बघायला अख्खी बिल्डिंग जमली. मी तर पोळी तव्यावर जळत ठेवून धावले.

“अनलिमिटेड म्हणाला होतास ना?” कॉम्प्युटर ओरडला.

“कितीही ने रे बाबा. पण जिना एकच आहे आणि तू कपाटं उतरवतोयस. बाळाला आधी जाऊ दे.”

“मग हे कपाळावर का नाही लिहिलंस?”

डब्याचा दिवा ओशाळून लाल झाला.

“लिहिलं असतं, तर तू माझ्याकडे आला असतास?”

मग दोघंही बाळाचं हसणं ऐकत राहिले.