माळावरची टिटवी

एका माळाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावात पक्ष्यांचे आवाज ओळखणारे एक अण्णा राहत. झाडामागून नुसती शीळ आली तरी ते पक्ष्याचं नाव सांगत. लोक कौतुकाने म्हणत, "अण्णांना दुसऱ्यांदा ऐकावं लागत नाही." हे ऐकायला अण्णांना फार आवडे.

एकदा गावाने जत्रेसाठी माळ सपाट करायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाला जागा बघायला गेला, तेव्हा एक पक्षी सारखा ओरडू लागला. कुठे घरटं असेल म्हणून त्याने तो आवाज फोनवर घेतला आणि सरपंचबाईंना दिला.

संध्याकाळी पारावर सगळे जमले असताना बाईंनी तो आवाज अण्णांना ऐकवला. "अण्णा, ही तळ्यावरची टिटवी की माळटिटवी? माळटिटवी असेल तर अंडी तिथेच जमिनीवर असणार. मग आपण काम पुढे ढकलू."

दोघींचे आवाज जवळजवळ सारखे. त्यात फोनमध्ये वाऱ्याची घरघर. अण्णांना वाटलं, आवाज जरा बारीक आहे, पुन्हा ऐकावा. पण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"तळ्यावरची," अण्णा म्हणाले. "उडता उडता ओरडली असेल. खुशाल काम करा."

सकाळी अण्णांना राहवलं नाही. ते माळावर गेले. ट्रॅक्टर फिरत होता आणि त्याच्यावर एक पक्षी घिरट्या घालत ओरडत होता. तो खाली उतरला तेव्हा अण्णांना त्याच्या डोळ्यांजवळची कातडी दिसली. ती तळ्यावरच्या टिटवीसारखी लाल नव्हती, पिवळी होती.

अण्णांनी हात करून ट्रॅक्टर थांबवला. चाकाच्या खुणेत अंड्यांची टरफलं मातीत दबली होती. पक्षी तिथेच जवळ येऊन उभा राहिला.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. "काल मी मुद्दाम थांबलो होतो, अण्णा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून आज चालवला."

अण्णांना त्याच्याकडे बघवेना.

पारावर त्यांनी सगळं सांगितलं. सरपंचबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. आवाजच सारखे, कोणीही फसलं असतं."

अण्णांना हो म्हणून सुटता आलं असतं. ते खाली मान घालून म्हणाले, "मी फसलो नाही, बाई. मला शंका आली होती. पण पुन्हा ऐकवा म्हणायची लाज वाटली."

पुढे अण्णांना कोणी आवाज ऐकवला, की ते आधी म्हणत, "पुन्हा लावा." आणि तरीही कळलं नाही, तर तसं सांगत.

तात्पर्य: 'मला नक्की माहीत नाही' म्हणायची लाज घटकाभराची असते. ती टाळण्यासाठी दिलेल्या खोट्या खात्रीची किंमत मात्र भलत्यालाच मोजावी लागते.