गजाबानं बोट निवडली

मणेवाडी नावाच्या गावात एक भोळा बागायतदार होता. त्याचं नाव गजाबा. द्राक्षाची बाग त्याच्या नावावर होती आणि बाग सांभाळायची त्याची बायको इंदू. गजाबा बागेत आला की कामं वाढायची, म्हणून इंदू त्याला शक्यतो कुठंतरी पाठवून द्यायची. माणूस मनानं अगदी लोण्यासारखा. बायको म्हणेल ते करायचा, आणि म्हणेल तस्संच करायचा. या दुसऱ्या गोष्टीनं सगळे घोटाळे व्हायचे.

गजाबाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. पण बसली की अशी पक्की बसायची, की दुसरी शिकवण मिळेपर्यंत पहिली जागा सोडायची नाही.

त्या वर्षी माल चांगला गेला. गजाबाची थोरली तानी पहिलीत होती. तिनं वर्गात सांगून टाकलं, की आम्ही सुट्टीत मोठ्या बोटीतनं समुद्रात जाणार, बोटीतच जेवणार आणि बोटीतच झोपणार. वर्ग हसला. बाईसुद्धा "बरं हं" म्हणून गालातल्या गालात हसल्या. तानी रडत घरी आली. इंदूचा जीव तुटला. तिनं पदरानं पोरीचे डोळे पुसले आणि शब्द दिला, "ह्या सुट्टीत तुला बोटीत बसवणार म्हंजे बसवणार." धाकटा पिल्या पाचव्या वर्षात होता. बोट म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, पण बहीण रडली म्हणून तोही रडला होता. त्यामुळं शब्दात तोही आला.

पण पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद. सुट्टी लागली होती. बागेत छाटणीचे मजूर होते, इंदूला पाय काढता येईना. तालुक्याच्या गावी शिंत्रे नावाचे गृहस्थ लोकांना बोटीच्या सहली ठरवून देत. इंदूनं गजाबाला बोलावलं.

"शिंत्रेभाऊंकडं जावा. पोरं ल्हान हायती, आपली पयलीच खेप हाय. घाई करू नगा. आपली चौघं नीट मावतील अशी बोट बघा."

"बरं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

गजाबा गेला. शिंत्रेभाऊंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर पांढरीशुभ्र बोट ठेवली होती. तिला बारीक बारीक खिडक्या होत्या आणि वर निळं धुराडं.

"ही आमची तीन दिवसांची बोट," शिंत्रेभाऊ कौतुकानं म्हणाले. "बघा, कशी वाटते!"

गजाबानं बोट सगळीकडून बघितली. मग एका पायातली चप्पल काढली, टेबलावर चढला आणि पाय बोटीत ठेवला. धुराडं मोडलं. गजाबा खाली उतरला, चप्पल घातली आणि घरी आला.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "माजा एक पाय मावंना, तर चौघं कुठनं मावायची?"

इंदूनं कपाळाला हात लावला. "अवो, त्यो नमुना हुता! दुकानदार आधी बारकंच दाखवतोय. अशा टायमाला म्हनावं, ह्याच्यापेक्षा मोठी दाखवा."

"बरं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

दुसऱ्या खेपेला इंदूनं पिल्याला बरोबर दिलं. "शिंत्रेभाऊंकडं जायच्या आधी दवाखान्यात जावा. पिल्याची सुई ऱ्हायली हाय. प्रवासाला जायच्या आत टोचून आना."

गजाबा दवाखान्यात गेला. पिल्याला मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली.

"बाई," गजाबा म्हणाला, "ह्याच्यापेक्षा मोठी दाखवा."

पिल्यानं बापाकडं बघितलं.

"अहो, लहान मुलांना हीच देतात," बाई म्हणाल्या.

"तसं न्हवं. दुकानदार आधी बारकंच दाखवतोय. तुमच्याकडची सगळ्यात मोठी काढा. चौघांना पुरली पायजे."

पिल्यानं मांडीवरून खाली उडी टाकली ती थेट कपाटाखाली. तिथून तो बाहेर येईना. बाई वाकल्या, नर्स वाकली, बाहेरचे दोन पेशंट वाकले. शेवटी त्याचे पाय बाहेर ओढून कपाटाखालीच सुई टोचली. तेवढ्यात शिंत्रेभाऊंचं दुकान बंद झालं. पोरगं घरापर्यंत भोंगा लावून आलं.

"अवो, लेकराला भ्या दाखवता व्हय?" इंदू चिडली. "अशा टायमाला पाठीवरनं हात फिरवावा. गोड हसावं. आन् म्हनावं, जेवढ्या लवकर संपंल तेवढं बरं."

"बरं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

तिसऱ्या खेपेला तो शिंत्रेभाऊंच्या दुकानात गेला, तर दुकान माणसांनी भरलेलं. शिंत्रेभाऊंच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. मुलगी आणि जावई बोटीच्या सहलीला निघाले होते. ओवाळणी चालली होती. जावई नव्या कपड्यात घामेजून उभा होता. आई डोळे पुसत होती. मुलीचेही डोळे भरून आले होते.

गजाबानं बघितलं. पोरं भ्याली आहेत, हे त्याला लगेच कळलं. तो पुढं झाला. जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. गोड हसला.

"जेवढ्या लवकर संपंल तेवढं बरं," तो म्हणाला.

जावई गोंधळला. "काय, सहल?"

"समदंच," गजाबा म्हणाला.

ओवाळणीचं ताट खाली पडलं. मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. शिंत्रेभाऊंनी गजाबाच्या दंडाला धरलं, दारापर्यंत नेलं आणि दाराच्या बाहेर सोडलं. धुराड्याचा राग त्यांच्या मनात होताच, त्यात ही भर पडली.

घरी तानी दारातच वाट बघत होती. "बाबा, मिळाली बोट?" गजाबानं नाही म्हणून मान हलवली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. गजाबानं तिला उचलून कडेवर घेतलं. लेकरांवर त्याचा फार जीव होता.

इंदूनं सगळं ऐकलं आणि जमिनीवरच बसली. "अवो, नव्या जोडप्याला असं म्हनत्यात का? त्येंच्या तोंडात पेढा घालावा. आन् हात जोडून म्हनावं, जल्मभर असंच ऱ्हावा."

"बरं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

इंदूनं पेढ्यांचा पुडा बांधून दिला. शिंत्रेभाऊंची माफी मागायची आणि मग बोटीचं विचारायचं, असं ठरलं. चौथ्या खेपेला गजाबा दुकानात शिरला, तर तिथं पुन्हा एक जोडपं. नवरा-बायको तशी जुनीच होती. त्याच सकाळी बोटीवरून परत आली होती. नवरा बाकावर मान टाकून पडला होता. तोंड कच्च्या केळ्यासारखं हिरवं. बायको त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरून शिंत्रेभाऊंशी भांडत होती.

"तीन दिवस! तीन दिवस यांच्या पोटात अन्न ठरलं नाही! आता जमिनीवर आलो तरी यांना सगळं डुलतंय!"

गजाबा शहाणा माणूस. जोडपं दिसल्यावर काय करायचं ते त्याला माहीत होतं. त्यानं पुडा सोडला. त्यातला चांगला मोठा, तुपानं थबथबलेला पेढा निवडला आणि नवऱ्याच्या उघड्या तोंडात सारला. मग हात जोडले.

"जल्मभर असंच ऱ्हावा," तो म्हणाला.

पुढचं सांगू नये. एवढंच सांगतो, की शिंत्रेभाऊंनी दुकानात नवा गालिचा टाकला होता आणि संध्याकाळी तो नव्हता.

या वेळी इंदू चिडली नाही. रडकुंडीला आली. बोटी बंद व्हायला आता थोडेच दिवस उरले होते आणि तानी रोज झोपताना विचारायची. इंदूनं गजाबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

"त्या मानसाला बोट लागली हुती. हललं की पोटात ढवळतंय, मोठ्या मानसालाबी. आपली तर लेकरं. तवा पोरास्नी कुठंबी बसवायच्या आधी पाय ठिवून बघायचं, हलतंय का. हलत असंल तर घ्यायचं न्हाई. न हलनारी जागा बघायची, आन् तिथंच लेकरं बसवायची. कळलं?"

"कळलं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

आणि काय आश्चर्य, खरंच झाली नाही. पाचव्या खेपेला गजाबा दुकानात गेला. शिंत्रेभाऊ त्याला बघून टेबलावरचं सामान उचलायला लागले.

"न हलनारी जागा पायजे," गजाबा म्हणाला. "लेकरं हायती."

शिंत्रेभाऊ उचलता उचलता थांबले. एवढं शहाणपणाचं बोलणं त्यांनी त्या दुकानात फार दिवसांनी ऐकलं होतं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पहिलीच वेळ ना? मग मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या. तिथं कमीत कमी हलतं. पोरांना खेळायला वेगळी खोली आहे, कठडे उंच आहेत, दूधभातसुद्धा मिळतो."

गजाबा खोली ठरवून घरी आला. इंदूला खरं वाटेना. तिनं शिंत्रेभाऊंना फोन लावून विचारलं. खरं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. तानी सगळ्या आळीत सांगून आली. त्या रात्री इंदूनं गजाबाला तूप जास्त वाढलं आणि म्हणाली, "असंच डोकं चालवत जावा."

ठरल्या दिवशी चौघं बंदरावर पोचली. समोर बोट उभी होती. चार मजली, पांढरीशुभ्र, देवळाच्या शिखरापेक्षा उंच. पिल्या बघतच राहिला. तानीनं आईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, खरंच हाय की गं!" इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं.

बंदराच्या फाटकातून आत गेल्यावर कागद दाखवायची रांग लागली होती. पोरं उन्हानं कावली. बोटीच्या माणसानं सांगितलं, की कागद एकानं दाखवले तरी चालेल, बाकीच्यांनी पुढं व्हावं. इंदू म्हणाली, "तुमी पोरास्नी घिऊन चढा आन् नीट बसवून घ्या. मी सामान दिऊन आलेच."

"बरं," गजाबा म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

त्यानं पिल्याला कडेवर घेतलं, तानीचं बोट धरलं आणि बोटीच्या शिडीपाशी आला. शिडीवर एक पाय ठेवला आणि थांबला. शिडी हलत होती. त्यानं बोटीकडं बघितलं. बोटसुद्धा हलत होती. फार नाही, पण हलत होती. गजाबानं पाय मागं घेतला. मागची माणसं त्याला ओलांडून भराभर चढली.

गजाबानं इकडंतिकडं बघितलं. पाण्यातल्या सगळ्या होड्या हलत होत्या. मग त्यानं खाली बघितलं. आपण उभे आहोत तो दगडी धक्का. त्यानं त्याच्यावर पाय आपटला. पुन्हा आपटला. पिल्याला खाली ठेवलं आणि दोन्ही पायांनी उडी मारून बघितली. धक्का ढिम्म.

गजाबाला समाधान वाटलं. त्यानं खांद्यावरची चादर अंथरली, पोरांना बसवलं आणि लाडवांचा डबा उघडला.

"बाबा," तानी म्हणाली, "लोकं तिकडं का चढत्यात?"

"त्यांच्या घरी सांगनारं कुनी न्हाई, पोरी."

"मग आपली बोट कुठली?"

"हीच की."

तानीनं हात लावून बघितला. "ही तर दगडाची हाय."

"म्हनून तर हलत न्हाई," गजाबा म्हणाला. "खा लाडू."

इकडं इंदूनं कागद दाखवले, सामान दिलं आणि पलीकडच्या दारानं ती बोटीत चढली. मधल्या भागातली खालची खोली शोधून काढली. खोलीत कुणी नव्हतं. पोरांच्या खेळायच्या खोलीत बघितलं. तिथं सगळ्यांची पोरं होती, तिची नव्हती. तेवढ्यात भोंगा वाजला. पायाखालची फळी थरथरली. ती धावत जिने चढून वर आली आणि कठड्यावरनं खाली वाकली.

खाली धक्क्यावर तिचं सगळं कुटुंब पंगतीला बसलं होतं. पिल्यानं आईला बघून लाडवाचा हात हलवला. बोट आणि धक्का यांच्यात पाण्याची पट्टी दिसायला लागली होती.

"अवोऽऽ!" इंदू जिवाच्या आकांतानं ओरडली. "तिथं काय बसलायसा? चढा की! बोट सुटली!"

गजाबानं बायकोला एवढ्या मोठ्या, एवढ्या हलणाऱ्या बोटीत बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रोज दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी बाई, आणि चढताना एवढा साधा पाय ठेवून बघितला नाही! पण ही वेळ रागावायची नव्हती. त्यानं पिल्याच्या तोंडाचा लाडू पुसला, त्याला मांडीवर घेतलं आणि चादरीचा एक कोपरा इंदूसाठी झटकून रिकामा ठेवला. मग दोन्ही हात तोंडापाशी धरून, लांब लांब चाललेल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"इंदेऽऽ! घाबरू नगंस! त्यांनी सोडलं की हिकडं ये! आमची बोट कुठं जात न्हाई!"