वाढत्या वयाचा वाटा

राजगायिका मैनाबाई थकल्या, तेव्हा महाराजांनी त्यांच्या म्हातारपणासाठी बाजरीचं एक कोठार भरून दिलं. ते दिवाण त्र्यंबकपंतांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी नियम काढला, "दर अक्षय्यतृतीयेला बाईंनी कोठारातून ठरलेला वाटा घरी नेलाच पाहिजे. वय वाढेल तसा वाटाही वाढेल. नागपंचमीला घरात उरेल ते सरकारजमा."

एकट्या बाई खाऊन खाऊन किती खाणार? पहिल्याच वर्षी उरलेली पोती जप्त झाली. कोठार असंच रितं होणार, या धास्तीनं बाईंची झोप उडाली.

पुढच्या नागपंचमीला पंत शिपाई घेऊन आले, तर घरात दाणा नाही! त्यांनी बाईंना दरबारात उभं केलं.

"महाराज, बाईंनी बाजरी विकली!"

"विकली नाही, पोटात घातली," बाई म्हणाल्या.

"एवढी? कुणाच्या पोटात?" महाराजांनी विचारलं.

"जमिनीच्या. घरामागं शेत डुलतंय, बघून या. पंतांनी दात पडायच्या वयात माझा खुराक वाढवला. मग ज्याला दात लागत नाहीत असं पोट शोधावं लागलं."

महाराज खो खो हसले. "पिकेल ते बाईंचं!"

वाटा वाढेल तसं बाईंचं पीकही वाढणार, हे ध्यानात येऊन दुसऱ्या दिवशी नियम रद्द करा म्हणून पंतच विनवू लागले. महाराज म्हणाले, "छे! इतका चांगला नियम!"