टोपलीतली देखणी फळं

फार पूर्वी नदीच्या अलीकडच्या गावात डाळिंबं पिकत आणि पलीकडच्या गावात विद्वत्ता. नदी म्हणाल तर उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. तरी अलीकडचे लोक पलीकडे जात ते वर्षातून एकदा, आणि पलीकडचे तर अलीकडे कधी फिरकतच नसत.

पलीकडच्या पाठशाळेत एक शास्त्रीबुवा होते. झाडाझुडपांच्या विद्येत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राजाने त्यांना सांगितलं, "डाळिंबावर असा ग्रंथ लिहा, की बागवानांचं भलं होईल." शास्त्रीबुवांनी मनापासून काम हाती घेतलं आणि अलीकडच्या गावाला निरोप धाडला, "दरवर्षी एक टोपली फळं पाठवत जा."

बागवान हरखून गेले. एवढा मोठा माणूस आपली फळं मागतो! मग काय, सगळ्या बागा पालथ्या घालून, निवडून, पुसून, सर्वांत देखणी फळं टोपलीत भरली जायची. देवाला आणि विद्वानाला किडकं देऊ नये, ही त्या गावची रीत होती.

शास्त्रीबुवा ती फळं तोलत, मापत, फोडून दाणे मोजत. दहा वर्षं त्यांनी दाणे मोजले. 'या बागांना रोग म्हणून नाही,' असं लिहून त्यांनी खाली रेघही ओढली.

आणि रोग तर सहाव्या वर्षीच बागांत येऊन बसला होता. सालीवर काळे तेलकट डाग पडत, फळ तडकत आणि झाडावरच सडत. आधी चार झाडं गेली, मग चाळीस. टोपली मात्र दरवर्षी काठोकाठ भरायची. फक्त ती भरायला आता जास्त फिरावं लागे.

अकराव्या वर्षी टोपली घेऊन एक माळीणबाई आली. नवऱ्यामागे तिने एकटीने दोनशे झाडं राखली होती. पोट त्यांच्यावरच होतं आणि त्यातली निम्मी काळवंडली होती. गावाला न सांगता तिने एक डागी फळ टोपलीच्या तळाशी ठेवलं होतं.

शास्त्रीबुवांनी वरचं फळ उचललं. "वा! काय रंग आहे! तुमच्या गावाला कोणाची नजर न लागो."

बाईचा हात तळाशी गेला होता, तो तिथेच थांबला. एवढं कौतुक चाललंय, त्यात हे काळं फळ कुठे दाखवायचं? ती चाचरत म्हणाली, "शास्त्रीबुवा, एकदा आमच्या बागेला तुमचे पाय लागू द्या की."

"येणार तर! शेवटचं प्रकरण राहिलंय. ते झालं की थेट तुमच्याकडेच."

"जरा लवकर आला असता तर..."

शास्त्रीबुवांनी तिचा थांबलेला हात पाहिला. तळाशी काहीतरी आहे, हेही त्यांना कळलं. 'काय आहे, बाई?' एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? पण लेखणीवरची शाई वाळत होती. त्यांनी मान खाली घातली. बाईने ते फळ पदराआड केलं आणि ती नदी उतरून गेली.

शेवटचं प्रकरण दोन वर्षं चाललं. विद्वानांची शेवटची प्रकरणं अशीच असतात. ग्रंथ पुरा झाला, राजाने शाल दिली. मग दिलेला शब्द आठवून शास्त्रीबुवा आयुष्यात पहिल्यांदा धोतर सावरत नदी उतरले.

बाग नव्हतीच. नुसते खुंट होते. माळीणबाई वाळक्या फांद्यांच्या मोळ्या बांधत होती.

"अहो, हे काय झालं?"

"रोग, शास्त्रीबुवा. सात-आठ वर्षं झाली त्याला."

"मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्हाला किडकं फळ कसं द्यायचं? हात धजला नाही कुणाचा."

शास्त्रीबुवांनी एक फांदी उचलून डाग पाहिला. डाग ओळखीचा होता. तरुणपणी गुरूंच्या बागेत त्यांनी तो पाहिला होता. "छाटणी कशाने करता?"

तिने कोयता पुढे केला. "ह्यानंच. एक झाड झालं की दुसरं."

"रोग पात्याबरोबरच फिरला, बाई. दर झाडामागे पातं विस्तवात तापवायचं आणि रोगट फांद्या जाळून टाकायच्या."

"एवढंच?"

"सुरुवातीला एवढ्यानेच आटोक्यात आला असता."

ती भांडली असती तर शास्त्रीबुवांना बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी डागी फळ आणलं होतं. दाखवलं नाही. माझंच चुकलं."

शास्त्रीबुवांनी हातातली फांदी मोळीवर ठेवली. "मी तुमचा हात पाहिला होता, बाई. विचारलं नाही."

शेवटची मोळी बांधून झाली तशी ती भावाच्या गावी निघून गेली, ती पुन्हा आली नाही.

तो ग्रंथ राजाच्या ग्रंथशाळेत मोठ्या मानाने ठेवला आहे म्हणतात. अलीकडच्या गावातल्या उरल्यासुरल्या बागाही मात्र रोगाने गेल्या, आणि डाळिंब कसं असतं, हे आता पोरांना चित्र काढून दाखवावं लागतं.

तात्पर्य: जाणत्याला आपलं डागी फळ दाखवायला लाजू नये, आणि जाणत्याने ते आपणहून मागायला विसरू नये. दोघांत मोठी चूक त्याचीच, कारण तो जाणता.