गोजराबाईच्या तीन लेकींची आणि गोदामाईची कहाणी

ऐक गोदामाई, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला वळसा घालून तू वाहत होतीस. तिथं गोजराबाई नावाची एका नावाड्याची विधवा राहत होती. तिला तीन लेकी. नवऱ्यानं तिघी नदीकाठीच दिल्या. म्हणाला, पाणी एक असलं म्हणजे माया एक राहील. तो म्हणून मोकळा झाला, निस्तरायला गोजराबाई मागं राहिली.

थोरली म्हाळसा डोंगरात, जिथं नदी उगवते. मधली सगुणा काळ्या रानात, जिथं नदीला घाट आहेत, पाट आहेत. धाकटी चंद्रा पार पूर्वेला, जिथं नदीला फाटे फुटतात आणि ती समुद्राला मिळते.

गोजराबाईनं गोदामाईचा वसा घेतला. श्रावणात रोज सकाळी न्हायचं, काठावर दिवा लावायचा, दहीभात दाखवायचा, मग आपण जेवायचं. गोदामाई प्रसन्न झाली. म्हणाली, "बाई, काय हवं ते माग." गोजराबाई म्हणाली, "माझ्या लेकी सुखात ठेव." गोदामाई म्हणाली, "त्यांचं सुख कशात आहे, ते विचारून ये."

मग गोजराबाई डोंगरात गेली. म्हाळसा म्हणाली, "आई, पाऊस सगळा आमच्या डोक्यावर पडतो, आणि नदी उड्या मारत खाली निघून जाते. चैत्रात हंडाभर पाण्याला मी दरी उतरते. तिला म्हणावं, इथंच थांब."

मग ती काळ्या रानात गेली. सगुणा म्हणाली, "आई, पाटावर ऊस आहे, वाळूत टरबुजांचे वेल आहेत, रंगारी लुगडी तिच्यातच धुतात. सगळं खरं. पण भादव्यात ती माझ्या चुलीपर्यंत येते. तिला म्हणावं, कमी ये."

मग ती नावेत बसून समुद्राकाठी गेली. चंद्रा म्हणाली, "आई, आमचा भात तिचा, मासळी तिची. पण तिचा जोर सरला की भरतीचं खारं पाणी आत शिरतं, रोपं करपतात. तिला म्हणावं, जोरात ये."

गोजराबाई परतली. पाय सुजले होते, डोकं तापलं होतं. काठावर बसली नि म्हणाली, "एकीला तू थांबायला हवीस, एकीला कमी हवीस, एकीला जोरात हवीस. मी काय सांगू? तूच बघ बाई आता." गोदामाईही वैतागली होती. म्हणाली, "बरं. थोरलीचं आधी."

मग नदी डोंगरात थांबली. म्हाळसाच्या खाचरांवर पाणी चढलं, गोठा बुडाला, कणगी बुडाली. खाली सगुणाचे पाट आटले, वेल वाळले, रंगाऱ्यांचे रांजण कोरडे पडले. त्याच्या खाली समुद्र आत आला. चंद्राची विहीर खारट झाली, रोपं जळाली.

मग तिघी पोरंबाळं, गाठोडी घेऊन आईच्या दारात आल्या. म्हाळसा म्हणाली, "तुम्ही नदीला खाली ओढून घेतलं नाहीत, म्हणून माझा गोठा बुडाला." सगुणा म्हणाली, "आम्ही? पाणी तू अडवलंस." चंद्रा म्हणाली, "आणि तुझे पाट काय थोडं पितात?" सकाळी भांडल्या, दुपारी भांडल्या, दिवेलागणीला भांडल्या. गोजराबाई भाकऱ्या थापत होती, त्या खात होत्या नि पुन्हा भांडत होत्या. वर तिघी एका सुरात म्हणाल्या, "आई, हे सगळं तुझ्या वशापायी झालं."

मग गोजराबाईनं परात पालथी घातली, चूल विझवली. तिघींना काठावर नेलं. म्हणाली, "आज आपलं मागणं कुणी बोलायचं नाही. म्हाळसे, तू चंद्राचं सांग. चंद्रे, तू सगुणाचं. सगुणे, तू म्हाळसाचं. सांगाल तेव्हा चूल पेटेल."

पण सांगायचं तर ठाऊक हवं ना. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी म्हाळसा म्हणाली, "चंद्रे, खारं पाणी म्हणजे होतं तरी काय गं?"

चंद्रा म्हणाली, "धाकटा पेला तोंडाला लावतो आणि थुंकतो. मग माझ्याकडे बघतो. मी काय देऊ त्याला?"

"पाणी समोर असून?"

"समोर असून."

म्हाळसाला दरीतली वाट आठवली, डोक्यावरचा हंडा आठवला. तिनं मान खाली घातली. मग सगुणानं तिला चैत्राचं विचारलं. मग चंद्रानं सगुणाला पुराचं विचारलं. ऊन कलेपर्यंत तिघी बोलत बसल्या. पोरं भुकेनं रडू लागली तेव्हा उठल्या, आटल्या पात्रात उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि जिनं तिनं आपल्या वाट्याच्या बहिणीचं मागणं गोदामाईला सांगितलं.

गोदामाई हलली. डोंगर उतरली, पाट भरले, समुद्र मागं सरला. तिघी आपापल्या घरी गेल्या. म्हाळसानं ओहोळांवर दगडाचे लहान बांध घातले, लागेल तेवढं ठेवलं, उरलेलं सोडलं. डोंगरात पाऊस कोसळला की ती खाली निरोप धाडी, सगुणा सामान उंचावर हलवी. चंद्राची रोपं लावायची वेळ झाली की सगुणा पाटाची दारं लावून घेई.

तरी एका भादव्यात पाणी सगुणाच्या अंगणात आलंच. ती कुरकुरत आईकडे आली. गोजराबाई म्हणाली, "मला सांगू नको. बहिणींना सांग." आणि ती दार लोटून सुखानं निजली.

गोदामाई, जशी गोजराबाईच्या डोक्याची कटकट मिटवलीस, तशी ऐकणाऱ्या आयाबायांचीही मिटव. वरचीला खालचीची आठवण दे, खालचीला वरचीची दे. साठ बोलांनी गुंतलेली ही कहाणी पाच बोलांत सुटली, ऐकणारीला फळली.